एकवीस दिवसांचे काका

डोंबिवलीत दर तिसऱ्या इमारतीत एक शास्त्रज्ञ असतो. तो निवृत्त असतो, त्याच्या बाल्कनीत माणसाला उभं राहायला जागा नसते आणि त्याचं काहीतरी 'चालू' असतं. काय चालू आहे हे विचारायचं नसतं. विचारलं की तुमची संध्याकाळ गेली. ठाण्यातही ही जात आढळते, पण तिथला शास्त्रज्ञ जरा इस्त्रीचा असतो. तो शोध लावत नाही, शोधांवर व्याख्यानं देतो. कल्याणच्या शास्त्रज्ञाला आधी जुना वाडा, मग वाड्यातली भाऊबंदकी आणि त्यातून वेळ उरला तर विज्ञान. बोटांना न जाणारे डाग, शर्टाला ॲसिडची भोकं आणि डोळ्यांत 'आता बघाच' हा भाव, असा अस्सल नमुना हवा असेल तर डोंबिवली पूर्वेला एमआयडीसीच्या निवासी भागात यावं लागतं. आमच्या सोसायटीतला नमुना तळमजल्यावर राहतो. समोर आम्ही त्यांना काका म्हणतो, माघारी 'एकवीस दिवसांचे काका'.

जगातली कोणतीही गोष्ट एकवीस दिवसांत होते, असं काकांचं मत आहे. डासांचा सापळा, बाथरूमचं पाणी शुद्ध करायचं यंत्र, कुंडीतलं आलं, काकूंचा गुडघा, सगळ्याला एकवीस दिवस. सतराव्या दिवसापर्यंत काका झपाटलेले असतात. अठराव्या दिवशी त्यांना दुसरी कल्पना सुचते. पहिली कल्पना मग जिन्याखाली जाते आणि आमची होते. डासांच्या सापळ्याने शेजारच्या सोसायटीतलेही डास आकर्षून घेतले. तो सापळा अजून आमच्याकडे आहे, डासही आहेत. पाण्याच्या यंत्रातून एकदा जांभळं पाणी आलं आणि काकूंच्या सहा साड्या एका रंगाच्या झाल्या. 'रंग पक्का बसलाय,' एवढंच काका म्हणाले. त्यात अभिमान होता.

अभिमान असायचाच. चौतीस वर्षं त्यांनी रंगाच्या कारखान्यात काढली. रंग म्हणजे भिंतीचा नव्हे, कापडाचा. आणि तोही पुरता रंग नव्हे, रंग होण्याच्या अलीकडचा पदार्थ. 'एच ॲसिड' हे दोन शब्द ते अशा सुरात उच्चारतात, की ऐकणाऱ्याचे हात आपोआप जोडले जावेत. रात्री खिडकीतून वास आला की आम्ही नाक धरतो, काका नाक पुढे करतात. 'नायट्रेशन. रात्रपाळी. घाई केलीय गाढवांनी.' २०१४ साली डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, तेव्हा सगळे छत्री घेऊन पळत होते आणि काका बाटली घेऊन उभे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, त्याचे फोटो पेपरात आले. काकांनी जाऊन, वाकून, बोट लावून पाहिलं आणि परत येऊन गेटवर जाहीर केलं, 'गुलाबी आमच्याकडे कधी नव्हताच.' कुणी विचारलं नव्हतं.

फक्त दोन दिवस असे आठवतात की काकांनी काहीच जाहीर केलं नाही. मे २०१६ मध्ये एमआयडीसीत स्फोट झाला. बारा माणसं गेली, लांब लांबच्या इमारतींच्या काचा फुटल्या. मे २०२४ मध्ये पुन्हा तेच. कोणता पदार्थ होता, किती तापमान झालं असेल, काका यातलं अक्षरही बोलले नाहीत. पहिल्या वेळी संध्याकाळपर्यंत ते जिन्यातल्या काचा गोळा करत होते. शेवटी सुपली खाली ठेवून म्हणाले, 'रिॲक्टरपाशी उभा असतो तो केमिस्ट नसतो रे. तो हेल्पर असतो.'

हे वाक्य लक्षात ठेवा. काका ते पुढे विसरले.

त्यांना व्याख्यानाची खाज ठाण्याच्या शास्त्रज्ञाइतकीच आहे. एका गणेशोत्सवात, लिंबू-चमचा आणि ऑर्केस्ट्रा यांच्या मध्ये त्यांना वीस मिनिटं मिळाली. विषय होता 'फ्रँकेन्स्टाइन : एक इशारा'. श्रोते अकरा, त्यातले सात ऑर्केस्ट्रासाठी जागा धरून बसलेले.

'प्रथम एक गैरसमज,' काका म्हणाले. 'फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही. राक्षस तयार करणाऱ्याचं आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन. आणि तो डॉक्टरबिक्टर नव्हता, बव्हेरियातल्या इंगोलश्टाटच्या विद्यापीठात शिकणारा पोरगा होता. मानेत खिळे ठोकलेला तो चौकोनी डोक्याचा राक्षस १९३१ च्या सिनेमातला. कादंबरीतला तसा नाही. कादंबरीतला वाचतो! मिल्टन वाचतो, प्लुटार्क वाचतो, ग्योथे वाचतो!'

'आमच्या नातवापेक्षा बरा,' दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या. 'पण म्हणजे हा आपला भस्मासुरच की हो. ज्याने वर दिला त्याच्याच डोक्यावर हात ठेवायला निघाला.'

काका दुखावले. 'आजी, भस्मासुराला निदान नाव होतं. याला करणाऱ्याने नावसुद्धा ठेवलं नाही. याने डोळे उघडले आणि करणारा पळून गेला!'

मग जन्मकथा आली. इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी एप्रिल १८१५ मध्ये फुटला. पुढच्या वर्षी युरोपला उन्हाळाच आला नाही. जिनिव्हाच्या सरोवराकाठी सुट्टीला आलेली मंडळी पावसाने घरात अडकली आणि बायरन नावाच्या कवीने प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी अशी टूम काढली. अठरा वर्षांच्या मेरीने जी सुरू केली ती ही. १ जानेवारी १८१८ ला पुस्तक निघालं, प्रती ५००, लेखिकेचं नाव कुठेच नाही. प्रस्तावना नवऱ्याने, म्हणजे कवी शेलीने लिहिलेली, त्यामुळे पुष्कळांना वाटलं की पुस्तकही त्याचंच.

काकू मागच्या रांगेतून म्हणाल्या, 'काम बाईचं आणि नाव नवऱ्याचं. यात भयकथा कसली? आमची मेंटेनन्सची पावती आहे ती.'

हशा झाला. पण काका जस्टीनपर्यंत आले तेव्हा त्यांचा आवाज खरोखर चढला. व्हिक्टरच्या घरी काम करणारी पोरगी. राक्षसाने व्हिक्टरच्या धाकट्या भावाला मारलं, भावाच्या गळ्यातली तसबीर तिच्या खिशात सापडली, खटला उभा राहिला. खून कुणी केला हे व्हिक्टरला ठाऊक होतं. आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, असं म्हणत तो गप्प राहिला. पोरगी फासावर गेली.

'एक शब्द बोलला नाही तो!' काकांनी टेबलावर मूठ आपटली. तबकातला एक मोदक खाली पडला. 'एक शब्द!'

ऑर्केस्ट्रावाले वायरी जोडत होते. व्याख्यान तिथेच संपलं.

त्यानंतर महिन्याभरात आमच्या सोसायटीला कचऱ्याची नोटीस आली. ओला कचरा आवारातच जिरवा, नाहीतर उचलणार नाही. मीटिंगमध्ये सगळे एकमेकांकडे बघत असताना काका उठले. 'खत. पंचेचाळीस दिवस लागतात म्हणतात. मी एकवीस दिवसांत करून दाखवतो.'

विरोध कुणी केला नाही. फुकटात काम करणाऱ्या माणसाला सोसायटीत विरोध नसतो.

खताचं शास्त्र तसं साधं आहे. ओल्या कचऱ्यात नत्र असतं, वाळलेल्या पाल्यात कर्ब. एक भाग नत्राला तीसेक भाग कर्ब असं जमलं, पिळलेल्या फडक्याइतकी ओल राहिली आणि हवा खेळती असली की जंतू आपणहून कामाला लागतात. ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो, मग निवतो, मग मुरतो. माणसाने फक्त मधून मधून ढवळायचं. हे सगळं काकांना पाठ होतं. अडचण एवढीच, की यात काकांना करण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि कर्तृत्ववान माणसाला ते सहन होत नाही.

मावशी तेव्हाच म्हणाल्या होत्या, 'लहान लहान चार टोपल्या करा.' मावशी म्हणजे आमचा कचरा गोळा करणाऱ्या, मुरबाडच्या बाजूच्या. काकांनी मान हलवली. टोपल्यांत नजर भरत नाही. त्यांनी गच्चीवरची पाचशे लिटरची जुनी काळी टाकी उतरवून घेतली आणि लोखंडी स्टँडवर चढवली. उंची भरली आठ फुटांना थोडी कमी. व्हिक्टरनेही आपला माणूस आठ फुटी का केला होता, माहीत आहे? बारीक अवयव जोडायला वेळ लागतो म्हणून. घाईत असलेल्या माणसाला काम मोठं करावंसं वाटतं, कारण लहान कामाला धीर लागतो. व्याख्यानात काकांनी हे सांगितलं होतं. आमच्यापैकी कुणाला आठवलं नाही आणि काकांना तर नाहीच नाही.

पुढचे दिवस काकू एकट्या जेवल्या. काका टाकीपाशी. दाढी वाढली, आंघोळ अनियमित झाली. ठाण्याच्या मुलीचा फोन आला तर 'आत्ता त्र्याण्णव टक्के ओल आहे' असं सांगून ठेवून दिला. लग्नाचा वाढदिवस येऊन गेला. 'आमची लेक झाली तेव्हा हे पाळणाघरात एवढ्या वेळा डोकावले नव्हते,' काकू म्हणाल्या, 'आता रात्री दोनला उठून टाकीला कान लावतात.' गूळ झाला, ताक झालं, शेण झालं. हवेसाठी काकांनी टाकीला एक तिरका पाइप बसवला, पंचेचाळीस अंशांचा, आतून वर येऊन बाहेर उघडणारा. दिवाळी आली. चार दिवसांची झेंडूची तोरणं, केळीची पानं, खवट निघालेल्या चकल्या आणि न जमलेल्या अनारशांचा अख्खा घाणा टाकीत गेला. चौदावा दिवस उलटला तरी खत होण्याचं लक्षण दिसेना.

त्या रात्री मी शेवटच्या गाड्यांपैकी एकीने उतरून घरी येत होतो. टाकीपाशी टॉर्च हलताना दिसला. काका पुरचुंडीतून पांढरे दाणे आत सोडत होते. युरिया. आधीच नत्राने फुगलेल्या टाकीत आणखी नत्र.

'काका, हे...'

'वेग वाढतो,' ते म्हणाले. 'तू झोप.'

मी झोपलो. हेही लक्षात ठेवा.

तीन दिवसांनी, नोव्हेंबरातल्या अवकाळी पावसात, रात्री एकच्या सुमाराला टाकीने डोळे उघडले. आधी अमोनियाचा असा भपकारा आला की तिसऱ्या मजल्यावर माझ्या डोळ्यांतून पाणी. मग वॉचमनची हाक. खाली येऊन पाहिलं तर तिरक्या पाइपातून अळ्या बाहेर येत होत्या. शेकडो. बोटाच्या पेराएवढ्या, काळपट, घाईत. ओळीने. एखादी नगरपालिका स्थलांतर करते आहे असं वाटत होतं.

नंतर मी याबद्दल वाचलं. ही 'सोल्जर फ्लाय' नावाच्या काळ्या माशीची अळी. ही माशी घरात घोंगावत नाही, अन्नावर बसत नाही, रोगराई करत नाही. तिची अळी कुजकं अन्न झपाट्याने संपवते, आणि पोट भरून कोषात जायची वेळ झाली की कोरडी जागा शोधत चढणीला लागते. या अळ्या मुद्दाम पाळणारे लोक त्यांच्यासाठी चाळीसेक अंशांचा उतार बांधतात, म्हणजे त्या आपल्या पायाने, पाय नसूनही, बाहेर येऊन बादलीत पडतात. मग त्या कोंबड्यांना, माशांना खायला घालतात. काकांनी अजाणता जगातला उत्तम उतार बांधला होता. फक्त खाली बादली ठेवली नव्हती. खाली चेअरमनची नवी गाडी होती.

काका आले. लुंगी, टॉर्च, चष्मा. त्यांनी पाइपाकडे पाहिलं. दोन वर्षं झिजून ज्याला घडवलं तो उठून बसल्यावर व्हिक्टरला त्याची किळस आली, असं त्यांनीच आम्हांला सांगितलं होतं. काकांच्या तोंडावर मी तीच किळस पाहिली. ते एक पाऊल मागे गेले, मग दुसरं, आणि मग घरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. पहाटेच्या गाडीने ते मुलीकडे ठाण्याला गेले. अठरावा दिवस होता.

रविवारी तातडीची मीटिंग झाली. अळ्या लिफ्टमध्ये, अळ्या तुळशीत, अळ्या चेअरमनच्या सीटबेल्टच्या खाचेत. जबाबदार कोण? पाच मिनिटांत ठरलं. मावशींनी ओला-सुका कचरा नीट वेगळा केला नाही. अर्धा पगार कापायचा आणि पहिल्या तारखेपासून दुसरी बाई बघायची. काका मीटिंगसाठी ठाण्याहून आले होते. शेवटच्या खुर्चीत बसले होते. बोटांचे डाग बघत होते.

एक शब्द बोलले नाहीत.

पंचतंत्रात एक गोष्ट आहे. तिघा पंडितांना जंगलात मेलेल्या सिंहाची हाडं दिसतात आणि ते आपापल्या विद्येने त्याला जिवंत करतात. चौथा अडाणी, पण शहाणा. तो आधीच झाडावर चढून बसतो. लहानपणापासून मला त्या चौथ्याचं कौतुक. युरियाची पुरचुंडी मी पाहिली होती आणि तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. त्या मीटिंगमध्ये कळलं, की झाडावर बसलेला माणूस शहाणा असतो ते झाडाखाली आपल्यावाचून कुणी नसेल तेव्हाच.

इथून काकांच्या पश्चात्तापाचं पर्व सुरू झालं, आणि ते महत्त्वाकांक्षेच्या पर्वाहून अवघड गेलं, कारण त्याला एकवीस दिवसांची मर्यादा नव्हती. काही दिवस ते ठाण्यालाच राहिले. संध्याकाळी तलावपाळीला फेऱ्या मारत. मुलीने सांगितलं, 'बाबा एकटेच पायडलची बोट घेऊन मसुंदा तलावाच्या मध्यावर जाऊन बसतात. पायडल मारत नाहीत. वेळ संपला की बोटवाला शिट्टी मारतो.' व्हिक्टरही रात्री जिनिव्हाच्या सरोवरात होडी सोडून असाच बसे. मसुंद्याला तेवढा विस्तार नाही, पण अपराधी माणसाला तलाव पुरतो. मामलेदारची मिसळ समोर येऊनही ती तिखट लागेना, तेव्हा मुलीला काळजी वाटली.

मग काका घरी परतले, पण ठाण्याच्या फेऱ्या सुटल्या नाहीत, आणि काका बोलू लागले. लोकलमध्ये. दुपारच्या स्लो गाडीला गर्दी कमी. डोंबिवलीला खिडकी मिळते, समोर कुणीतरी अनोळखी बसलेला असतो. उत्तर ध्रुवाच्या बर्फात अडकलेल्या जहाजावर व्हिक्टर आपली अख्खी कहाणी वॉल्टन नावाच्या परक्या माणसाला सांगतो. काकांना रोज नवा वॉल्टन मिळे. कोपरपर्यंत बालपण, दिव्याला महत्त्वाकांक्षा, मुंब्र्याला युरिया, कळव्याला अळ्या आणि ठाण्याला उतरता उतरता 'मी पापी आहे'. एकदा मी त्याच डब्यात मागे उभा होतो. काकांचं सांगणं अप्रतिम होतं. दोन बायकांनी डोळे पुसले. समोरचा भाजीवाला मात्र पिशवी सावरत म्हणाला, 'काका, हे तुम्ही सेक्रेटरीला सांगितलंत का?'

काका दचकले. 'त्यांची तेवढी पातळी नाही.'

'पातळीचं नाही विचारलं,' भाजीवाला म्हणाला. 'सांगितलंत का?'

कळवा आलं होतं. तो उतरून गेला.

त्या वाक्याने काकांना झोप लागेना, असं काकू म्हणाल्या. वार्षिक सभेत ते उठले आणि त्यांच्या हातात चौदा पानं होती. शीर्षक, 'माझा अपराध : एक शास्त्रीय आढावा'. पहिल्या पानावर तांबोरा. तीन ते सहा कर्ब आणि नत्र, आलेखासह. सातव्यावर त्यांचं शिक्षण. आठ ते दहा व्हिक्टर आणि ते स्वतः यांची तुलना, त्यात व्हिक्टर दोन गुणांनी मागे. अकराव्या पानावर एक ओळ होती : 'या घटनाक्रमात सफाई कर्मचाऱ्यांचीही काही प्रमाणात गैरसोय झाली.'

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की काका बदललेलेच नाहीत. आधी त्यांना जगातलं सर्वांत जलद खत करायचं होतं, आता त्यांना जगातला सर्वांत मोठा अपराधी व्हायचं होतं. टाकी तेवढीच उंच होती, फक्त आतला माल बदलला होता. व्हिक्टरचंही तेच. शेकडो पानं तो पश्चात्तापाने होरपळतो, आणि होरपळण्यात इतका दंग की जस्टीनसाठी कोर्टात दोन वाक्यं बोलायची राहून जातात.

चेअरमननी घड्याळ पाहिलं. ते बँकेत होते, त्यांना साहित्याचं वावडं. 'काका, थोडक्यात. अळ्या तुमच्या का?'

'शास्त्रीयदृष्ट्या पाहता...'

'हो की नाही?'

पंखा फिरत होता. काकांनी चौदा पानांची सुरळी केली, सोडली, परत केली.

'हो,' काका म्हणाले. 'मावशींचा काही संबंध नाही.'

चौदा पानांत जे झालं नाही ते एका अक्षरात झालं; काका खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. मग मला उठावं लागलं. 'युरिया घालताना मी पाहिलं होतं,' मी म्हणालो. सेक्रेटरींनी इतिवृत्तात दोघांची नावं लिहिली. कापलेला पगार काकांनी आणि मी निम्मा निम्मा भरला. चेअरमननी सीटबेल्टचा खर्च वेगळा सांगितला.

मावशींकडे काका स्वतः गेले. पानं नेली नाहीत. काकूंनी काढून घेतली होती. मावशी तोवर पलीकडच्या सोसायटीत लागल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'अळ्या बघून पळालात?'

'हो.'

'अहो, अळी पडली म्हणजे काम चालू झालं. माझी आय उकिरड्यावर कोंबड्या सोडायची. वर पालापाचोळा टाकायचा नि दुसऱ्या दिवशी परत जायचं. उकिरडा एकटा सोडला तर नासतो.' थोडा विचार करून त्यांनी अटी घातल्या. पगार पाचशेने वाढवायचा, टोपल्या चार आणि लहान करायच्या, आणि ढवळायला रोज सकाळी सातला यांनी स्वतः यायचं. 'रविवारी पण.'

काका येतात. लांब दांडा, रबरी हातमोजे, कानटोपी. मावशी खुर्चीवर बसून चहा पितात आणि 'खालचं वर येऊ द्या' म्हणतात. वास येतो, पण ओल्या मातीचा. मुलांनी चारही टोपल्यांवर रंगाने नाव लिहिलं आहे, बकासुर. तो एक का चार असा वाद आहे, पण नाव आहे यावर काका खूश आहेत. अठरावा दिवस आला तेव्हा मी सकाळी मुद्दाम बाल्कनीतून पाहिलं. काकांनी दांडा ठेवला, आकाशाकडे बघून डोकं खाजवलं. कल्पना सुचली असावी. मावशींनी कप खाली ठेवला. काकांनी दांडा उचलला.

व्याख्यानं थांबलेली नाहीत. यंदाच्या गणपतीतही विषय तोच होता. फक्त जस्टीनपाशी आले तेव्हा काकांनी टेबलावर मूठ आपटली नाही. ती गोष्ट त्यांनी हळू आवाजात सांगितली आणि पुढे गेले. मावशी दुसऱ्या रांगेत बसून पुढच्या ऑर्केस्ट्राची जागा धरत होत्या.

पहिलं खत आम्ही चाळलं तेव्हा मी काकांची वही पाहिली. वर जुन्या शाईत '२१' लिहिलेलं होतं. ते त्यांनी खोडलेलं नाही. त्याच्या खाली '+ २४' लिहून रेघ मारली आहे आणि बेरीज केली आहे, ४५.